पेंबा बेट, शर्तींसह मंजूर

५ जानेवारी, रविवार
कॉलेज उघडलं आणि पहिल्याच दिवशी सर्क्युलर. ज्या प्राध्यापकाकडे बाहेरच्या संस्थेने मंजूर केलेला संशोधन प्रकल्प नसेल, त्याचं कॉन्ट्रॅक्ट ऑगस्टनंतर खलास. खाली विभागप्रमुख डॉ. जमाल यांची सही. स्टाफरूममध्ये सगळ्यांची तोंडं उतरली. माझं नाही. अंबरीश खांबेटे हा माणूस मुळात संशोधक आहे, शिकवणं हा त्याचा साइड बिझनेस आहे, हे या लोकांना कधी कळलंच नव्हतं. आता कळेल.

घरी देविकाला सांगितलं. तिने एवढंच विचारलं की नोकरी गेली तर रेवाचं काय. एप्रिलमध्ये पोरगी दहावीत जाणार, आणि ऑगस्टमध्ये तिला वर्षाच्या मध्यावर उचलून पुण्याच्या शाळेत टाकायचं का. मी म्हटलं, तसं काही होणार नाही, मी शब्द देतो. रेवा आपल्या खोलीतून इंग्लिशमध्ये काहीतरी पुटपुटली. आगाऊ आहे.

७ जानेवारी
विषय पक्का. पेंबा. टांझानियातलं बेट, झांझिबारच्या शेजारी. तिथल्या बायका समुद्रात शेवाळाची शेती करतात असं विमानातल्या मासिकात वाचलं होतं, तेव्हाच डोक्यात नोंद करून ठेवली होती. शिवाय डॉ. जमालची आई मूळची पेंबाची. इथे सहममध्ये, मस्कतपासून दोन-अडीच तासांवरच्या या गावात, प्रत्येकाचं कोणी ना कोणी तिकडचं असतंच म्हणा, झांझिबारवर पूर्वी इथल्याच सुलतानाचं राज्य होतं, पण विभागप्रमुखाच्या आईचं गाव म्हणजे निम्मं काम झाल्यात जमा. याला स्ट्रॅटेजी म्हणतात.

शीर्षक: अ स्टडी ऑफ वुमन सीवीड फार्मर्स ऑफ पेंबा विथ स्पेशल रेफरन्स टु अवेअरनेस. वजनदार आहे. तिथल्या संशोधन परवाना समितीकडे अर्ज करायचा. ते मंजूर करणार नाहीत तर काय करतील, त्यांच्याकडे येतं कोण.

९ जानेवारी
परकारबाई टेबलापाशी आल्या. डॉ. मेहनाज परकार, आमच्याच विभागात, मूळच्या राजापूरच्या. म्हणाल्या, खांबेटे सर, पेंबाचं ऐकलं, माझ्याही मनात तेच होतं. त्यांच्या वडिलांची आत्या म्हणे लग्न होऊन तिकडे गेली, तिच्या नातवंडांशी अजून फोनाफोनी आहे. दोघांनी मिळून अर्ज करू या का, असं विचारत होत्या.

बघा. विषय जाहीर होऊन दोन दिवस झाले नाहीत तोवर वाटेकरी हजर. मी शांतपणे म्हटलं की संशोधन हे आत्याच्या नातवंडांवर चालत नाही, मेथडॉलॉजीवर चालतं. त्या हसल्या आणि बरं म्हणाल्या. हसण्यासारखं काय होतं देव जाणे.

१२ जानेवारी
संकल्प. उद्यापासून पहाटे पाचला उठून दोन तास लेखन. फोन दुसऱ्या खोलीत.

१३ जानेवारी, सकाळी पावणेआठ
पाचला गजर झाला. विचार केला, इथे पाच म्हणजे पुण्यात साडेसहा, म्हणजे तसा उशीर झालेलाच आहे. मग घाईने उठण्यात अर्थ नव्हता.

१४ जानेवारी
गजर दुसऱ्या खोलीत असल्यामुळे ऐकू आला नाही. रेवा उठली आणि चिडली.

२६ जानेवारी
मोठी प्रगती. जुन्या हार्डडिस्कवर माझा एम.फिल.चा प्रबंध सापडला. वेल्हे तालुक्यातील महिला बचत गट. काय काम होतं ते. गाइडसुद्धा ठीक आहे म्हणाले होते आणि ते सहसा तेवढंही म्हणत नसत. बाईमाणूस वेल्ह्याचं काय आणि पेंबाचं काय, प्रश्न सगळीकडे तेच. तेव्हा नवीन चाक शोधत बसायचं नाही. इंग्लिश प्रत उघडली, वेल्हेच्या जागी पेंबा, बचत गटाच्या जागी सीवीड ग्रुप आणि भाताच्या जागी शेवाळ असं टाकून दिलं. दुपारच्या चहापर्यंत प्रपोजल तयार. प्रश्नावली जशीच्या तशी ठेवली, कारण ती टेस्टेड आहे.

देविका म्हणाली एकदा मी नजर टाकू का. ती पुण्याची एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्स, हे मान्य. पण सध्या इंडियन स्कूलमध्ये आठवीला बीजगणित शिकवते. म्हटलं राहू दे, तुझ्या वह्या तपासायच्या पडल्यात.

२ फेब्रुवारी
अर्ज पाठवला. मन शांत. इथल्या बाकीच्या प्राध्यापकांची मात्र कीव येते.

११ फेब्रुवारी
देविका जेवताना काहीतरी सांगत होती. मेहनाजने विचारलंय, तिच्या अर्जात सॅम्पलिंग आणि आकडेवारीचं बघशील का, मी हो म्हणू ना, वगैरे. परकारबाईंचं नाव निघाल्यावर मी हेडफोन लावले. स्वाहिली शिकण्याचं ॲप सुरू केलंय. आजचे शब्द: करिबु, म्हणजे या. असांते, म्हणजे आभार. भाषा सोपी आहे. महिनाभरात बोलू लागेन.

देविका आता संध्याकाळी परकारबाईंकडे जाते. तांदळाच्या भाकऱ्या शिकत असेल. शिकू दे, इथे धड भाकरी मिळत नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
मंजूर.

समितीच्या वेबसाइटवर मंजूर प्रकल्पांची यादी लागली. त्यात माझं शीर्षक अख्खंच्या अख्खं. पुढे बारीक अक्षरात शर्तींसह असं काहीतरी आहे, तो सरकारी भाषेचा भाग. आमच्याकडे जन्माचा दाखलासुद्धा शर्तींसहच मिळतो. परकारबाईंचाही कसला तरी अर्ज खाली दिसला, तोही शर्तींसह. त्यांच्या बाबतीत शर्ती खऱ्या असणार.

कॉलेजच्या ग्रुपवर टाकलं. हलव्याचा डबा आणला, खाबुरा गावातल्या त्या नेहमीच्या दुकानातून, केशरवाला. डॉ. जमालनी एक तुकडा घेतला आणि शर्ती वाचल्या का असं विचारलं. माणूस मुळात खडूस आहे.

२८ फेब्रुवारी
मस्कतला मधु देसाईंना फोन केला. तिथे दार्सैत भागात मराठी मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम होतो, तो त्यांच्याकडे असतो. सहज विषय काढला की यंदा सत्कार वगैरे कोणाचा करताय. म्हणाले अजून कोणी नाही. मग मी सहजच माझी बातमी सांगितली, आणि सहजच माझा बायोडेटाही पाठवला. रमजान संपल्यावर, चार एप्रिलला कार्यक्रम आहे.

६ मार्च
समितीचं पत्र आलं. कोणी डॉ. झुहुरा नावाच्या बाई आहेत. काय ते प्रश्न. हळदीकुंकू म्हणजे काय? हळदीकुंकवाला जायला तुमच्या सासूबाई परवानगी देतात का, हे पेंबातल्या बायकांना का विचारायचं आहे? पावसाळ्यात या बायका कुठला घाट उतरून एस.टी. स्टँडवर जातात? म्हशीचं दूध डेअरीला कोण घालतं? आणि अवेअरनेस म्हणजे नक्की कशाचा?

देविकाला वाचून दाखवलं, कारण मला वाटलं तीही चिडेल. ती पदर तोंडात कोंबून स्वयंपाकघरात गेली. पदर म्हणजे ओढणी. बराच वेळ बाहेर आली नाही.

मला धक्का बसलेला नाही. असे दोन-चार प्रश्न मी मुद्दामच राहू दिले होते, परीक्षक नीट वाचतो की नाही हे बघायला. वाचतात असं दिसतंय. पण विचारण्याची ही पद्धत नव्हे. खांबेट्यांना कोणी असं विचारलेलं नाही, आणि ज्यांनी विचारलं त्यांना आमच्या आजोबांनी वर्तमानपत्रात उत्तर दिलेलं आहे.

९ मार्च, दुपारी
उत्तर पाठवलं. आयुष्यातलं माझं सर्वोत्कृष्ट पत्र. आधी त्यांच्याच पत्राची प्रिंट काढली आणि लाल पेनाने इंग्लिशच्या चुका दुरुस्त केल्या. चौदा निघाल्या, त्यातल्या दोन-तीन वादग्रस्त आहेत पण मी सोडल्या नाहीत. समासात लिहिलं की हे व्याकरण आमच्याकडे सातवीत होतं. स्कॅन करून परत पाठवलं. सोबत दीड पानी पत्र, ज्यात कुठेही वाईट शब्द नाही. आपल्या ज्ञानाची कक्षा पाहून आनंद झाला, उर्वरित मुद्दे आपल्याला सवडीने समजतील, इतक्या सभ्य भाषेत. जाणकाराला बरोबर लागतं. कॉपी डॉ. जमालना, म्हणजे आपला माणूस कुणाशी भिडतो हे त्यांनाही दिसेल.

११ मार्च
डॉ. जमालनी बोलावलं. रमजान असल्यामुळे कॉफी नाही. ते माझी लाल पेनाची पानं एकेक करून उलटत होते. मग शांतपणे म्हणाले, डॉ. झुहुरा माझी मावशी आहे. आईची सख्खी बहीण. मी इथे येईपर्यंत तिच्याकडेच वाढलो, इंग्लिश मला तिनेच शिकवलं.

घ्या. म्हणजे घरचंच प्रकरण निघालं. मी लगेच म्हटलं, मग तर काळजीच मिटली, तुम्ही एक शब्द टाका. ते म्हणाले शब्द मी टाकू शकत नाही, तिथे तशी पद्धत नाही. ज्या बायकांचा अभ्यास करायचा, त्यांच्या गटासमोर प्रकल्प मांडायचा आणि त्या ठरवतात. तुझी मीटिंग एप्रिलमध्ये ऑनलाइन होईल, दुभाषा मी असेन. मी म्हटलं इन्शाल्ला. त्यांनी लाल पेनाची पानं फायलीत घातली.

एकूण चर्चा अनुकूल.

४ एप्रिल, शुक्रवार
सत्कार झाला. शाल, श्रीफळ, फोटो. मधु देसाईंनी ओळख करून देताना आफ्रिकेत समुद्रशेती करणारे आपले उद्योजक असं सांगितलं, ते मी माइक घेऊन दुरुस्त केलं. मग बोललो. श्रीखंड-पुरीचं झाकण मागे कोणीतरी उघडलं आणि शेवटच्या रांगा उठल्या, पण विचार ऐकणारे पहिल्या रांगेतच असतात. पहिल्या रांगेत मधु देसाई होते.

देविका फोटोला वर आली नाही. परतताना गाडीत म्हणाली की अजून काही हातात नाही, आणि तू अख्ख्या मस्कतला सांगून बसलास. पुढे म्हणाली, मी तुला तिसऱ्यांदा सांगतेय, मेहनाजच्या अर्जात माझं नाव आहे, त्यांची मीटिंग गेल्या आठवड्यात झाली आणि चांगली झाली. मी स्पीड कॅमेऱ्यांकडे लक्ष ठेवून होतो. बरका ते सहम रस्ता म्हणजे चालवणाऱ्याशी बोलायचा रस्ता नव्हे. मागून रेवा म्हणाली, बाबा तू ऐकत नाही करतोस. मराठीची पार वाट लागलीय पोरीची. दहावी झाली की हातात व्याकरण देणार आहे.

२० एप्रिल, रात्री
मीटिंग. घरून केली, कारण कॉलेजचं वायफाय भरवशाचं नाही. शाल खांद्यावर घेऊन बसलो. स्क्रीनवर पेंबातल्या कुठल्याशा शाळेचा व्हरांडा, रंगीबेरंगी कांगा नेसलेल्या वीसेक बायका आणि मध्ये डॉ. झुहुरा. बाई वयस्कर आहेत. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली. पत्राचा परिणाम.

करिबु म्हणालो. त्यांच्यात कुजबुज झाली. डॉ. जमाल म्हणाले, त्या विचारतायत की त्यांच्याच गावात तू त्यांना या का म्हणतोयस. मी स्लाइड्स सुरू केल्या. जमाल माझं दोन-दोन मिनिटांचं वाक्य चार शब्दांत उरकत होता, त्यामुळे सगळा गाभा गेला. एका बाईने विचारलं या अभ्यासातून आम्हाला काय. मी म्हटलं अवेअरनेस. जमालनी भाषांतर करायला बराच वेळ घेतला आणि शेवटी इंग्लिश शब्दच वापरला.

मग डॉ. झुहुरांनी प्रश्नावली काढली आणि तो हळदीकुंकवाचा प्रश्न मोठ्याने वाचला. सगळ्या बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसायला लागल्या. मीटिंग हलकीफुलकी झाली हे माझ्या पथ्यावरच पडलं. पण त्यांना आता ते काय असतं हे ऐकायचंच होतं. मी सांस्कृतिक पार्श्वभूमीपासून सुरुवात केली. तेवढ्यात देविका, जी चहाचा कप ठेवायला आली होती, ती वाकून कॅमेऱ्यात बोलली. बायका जमतात, एकमेकींना हळद लावतात, काहीतरी खातात आणि सासूबद्दल बोलतात, असं तिने सांगितलं. एवढंच. माझ्या सांस्कृतिक पार्श्वभूमीचा असा चुरा.

त्यांनी तिला बसवून घेतलं. तुमची सासू कशी आहे विचारलं. आणि देविकाने सांगितलं. माझ्या आईबद्दल, आफ्रिकेला, माझ्या मीटिंगमध्ये, माझ्या खुर्चीवर बसून. ती वरणाला फोडणी देत असताना आई कशी मागे उभी राहते तेही सांगितलं. जमाल हसत हसत भाषांतर करत होता आणि या वेळी एकही शब्द गाळत नव्हता. मग तिकडच्या आपापल्या सासवांबद्दल बोलू लागल्या. कोण कोणाच्या पाण्यातल्या जागेत घुसतं, नवी सून आली की कुठला तुकडा तिला देतात, भांडण झालं तर कोण सोडवतं, असलं सगळं. देविका कागदावर लिहून घेत होती. मी दोनदा घड्याळाकडे बोट केलं.

एकूण मीटिंग अत्यंत यशस्वी. बायका शेवटपर्यंत बसून होत्या.

२१ एप्रिल
देविकाला स्पष्ट सांगितलं की इथून पुढे माझ्या व्यावसायिक गोष्टींत लुडबूड नको. ती हो म्हणाली. लगेच हो म्हणाली हे थोडं खटकलं.

१८ मे, रविवार, दुपारी दीड
अंतिम यादी लागली. मोबाइलवर उघडली, आणि सरळ खांबेटे हे आडनाव दिसलं. पुढचं वाचायलाही थांबलो नाही. कॉलेजच्या ग्रुपवर टाकलं, मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, आईला फोन केला. मधु देसाई म्हणाले आता जाहीर मुलाखत ठेवू. हलवा आणला, या वेळी मोठा डबा. शिपायापासून डीनपर्यंत वाटला. परकारबाईंच्या टेबलावर मुद्दाम दोन तुकडे ठेवले. त्यांनी मला अभिनंदन म्हटलं आणि विचित्र बघितलं. जळफळाट दुसरं काय.

१८ मे, संध्याकाळी सात
यादी लॅपटॉपवर उघडली. मोठ्या पडद्यावर सगळं एका ओळीत दिसतं.

प्रमुख संशोधक डॉ. मेहनाज परकार. सहसंशोधक श्रीमती देविका खांबेटे. माझं शीर्षक खाली वेगळ्या रकान्यात आहे. मागे घेण्यात आलेले आणि नाकारलेले. मी मागे घेतलेलं नाही.

देविकाला विचारलं हे काय. ती म्हणाली फेब्रुवारीपासून सांगतेय. रेवाला विचारलं तुला माहीत होतं का. ती म्हणाली, एव्हरीवन न्यू, बाबा. हलवा कोणीतरी परत डब्यात भरून घरी पाठवलाय. बराच उरलाय.

१९ मे
कडक निषेधपत्र लिहायला घेतलं. पहिला परिच्छेद फार चांगला झाला. मग देविकाने येऊन लाल पेन नेलं, म्हणाली रेवाला गणिताला हवंय.

२५ मे
डॉ. जमालना भेटलो. म्हटलं, माझी बायको तुमच्या मंजूर प्रकल्पात आहे, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या प्रकल्प माझ्या घरात आहे, म्हणजे सर्क्युलरची अट पूर्ण होते. ते म्हणाले घराचं कॉन्ट्रॅक्ट आम्ही करत नाही. मग म्हणाले, विभागात स्टॅटिस्टिक्सची जागा रिकामी आहे. मी म्हटलं तेही शिकवू शकतो. ते म्हणाले मॅडमनी अर्ज केलाय. मीटिंगनंतर मावशीनेच तिला सुचवलं होतं. त्यांनी कॉफी ओतली. खजूर पुढे केला. एरवी मी खजूर खात नाही.

१५ जून
ठरलेलं असं. माझं ऑगस्टमध्ये खलास. देविका ऑगस्टपासून कॉलेजात. रेवाची शाळा, घर, सगळं जागच्या जागी. मी तिच्या व्हिसावर. आईला सांगताना मी सबॅटिकल हा शब्द वापरला. आई म्हणाली म्हणजे घरी बसणार ना, मग गुडघ्याला तेल लावत जा.

रेवाला सांगितलं तेव्हा ती येऊन बिलगली. वी आर स्टेइंग, वी आर स्टेइंग, एवढंच म्हणत होती. मी शब्द दिला होता आणि तो पाळला, हे इथे नोंदवून ठेवतो.

३१ ऑगस्ट
शेवटचा दिवस. निरोपसमारंभ झाला नाही. टेबल परकारबाईंनी आवरून दिलं. काहीतरी टोचून बोलल्या असत्या तर उत्तर तयार होतं. संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला उठून स्वतंत्र ग्रंथलेखन.

२ सप्टेंबर
पाचला उठलो. रेवाचा डबा करायचा होता, देविकाला आठचं लेक्चर आहे. पोळ्या तीन झाल्या. एक खाता येण्यासारखी.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
देविका आणि परकारबाई पेंबाला गेल्या, तीन आठवडे. काल तिने फोटो पाठवला. गुडघाभर पाण्यात उभी, हातात दोरी, आजूबाजूला त्या बायका. लग्नाच्या अल्बममध्येही ती इतकी मोकळी हसलेली नाही. मी मोठा करून बराच वेळ पाहिला. खाली लिहिलं होतं, रेवाच्या खोकल्याचं औषध फ्रिजच्या दारात आहे. दिलं.

आज लुलू सुपरमार्केटमध्ये भाजीपाशी डॉ. जमाल भेटले. मी कोथिंबिरीच्या जुड्या वास घेऊन निवडत होतो. हाल-हवाल झालं. त्यांनी विचारलं, काम कसं चाललंय. मी म्हटलं, उत्तम, पेंबाचं संशोधन जोरात आहे. त्यांनी आपली ट्रॉली बाजूला घेतली. मग अगदी हळू, अजिबात न टोचता त्यांनी विचारलं, देविका मॅडमचं ना?

हो म्हणालो. तिचंच.